रमाबाईंच्या घरातली शाळा

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात वादविवाद स्पर्धेला विषय होता : मुलगा आणि मुलगी यांच्या स्वभावातला भेद निसर्गाने घडतो की संस्काराने? मी निसर्गाच्या बाजूने बोललो. बुटीबोरीतल्या आमच्याच गल्लीतली उदाहरणे दिली. मुलगे मातीत ट्रॅक्टर फिरवतात, मुली भातुकली मांडतात. मुलगे भांडून मोकळे होतात, मुली रुसून बसतात. हे त्यांना कोणी शिकविले, असा सवाल मी परीक्षकांना केला. टाळ्या पडल्या, पहिले पारितोषिक मिळाले, ढाल घेऊन मी घरी आलो.

घरी ताईने ढाल हातात घेऊन पाहिली, कौतुक केले. मग तिने एक साधीच आठवण काढली. मी दहा वर्षांचा झालो तेव्हा मला सायकल मिळाली होती. ती दहा वर्षांची झाली तेव्हा तिच्या कडेवर धाकटा भाऊ, म्हणजे मीच, आलो होतो. यातले निसर्गाने किती केले आणि आईबाबांनी किती, एवढेच तिने विचारले आणि ती कणीक मळायला निघून गेली. परीक्षकांपुढे न अडखळलेला मी स्वयंपाकघराच्या दाराशी मात्र गप्प उभा राहिलो.

चार दिवसांनी मराठीच्या बाईंना मी ही हकीकत सांगितली. त्यांनी उत्तर दिले नाही. ग्रंथालयातून पंडिता रमाबाईंचे चरित्र काढून दिले. रमाबाईंचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते ते विधवांच्या आश्रमासाठी, धर्मांतरासाठी, फार तर केडगावच्या मुक्ती मिशनसाठी. मीही तेवढ्याच माहितीवर वाचायला बसलो. परंतु मला त्या चरित्रात सापडला तो आमच्या वादविवादाचा विषय, आणि तोही कोणत्याही युक्तिवादाहून स्पष्ट. म्हणून हा लेख.

रमाबाईंची गोष्ट त्यांच्या वडिलांपासून सुरू होते. अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडच्या मुलखातले मराठी भाषक चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी संस्कृत शिकले. हे साठेशास्त्री दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. एक स्त्री संस्कृत शिकत आहे, ही गोष्ट त्या विद्यार्थ्याच्या मनात कायमची रुतली. गावी परतल्यावर त्यांनी आपल्या पत्नीला शिकविण्याचा प्रयत्न केला. घरच्या मंडळींनी तो चालू दिला नाही. पुढे ती पत्नी वारली. चव्वेचाळिशीच्या सुमारास तीर्थयात्रेत असताना गोदावरीकाठी एका ब्राह्मण यात्रेकरूने त्यांना आपली नऊ वर्षांची मुलगी देऊ केली आणि त्यांनी तिच्याशी विवाह केला. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. पण त्या काळच्या रीतीने झालेल्या या विवाहात पुढे जे घडले ते मात्र रीतीला सोडून होते. अनंतशास्त्र्यांनी या बालिकेला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायला घेतले.

त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. स्त्रीला देवभाषा शिकविणे हा अधर्म ठरवून त्यांना उडुपीला पंडितांच्या सभेपुढे आपली बाजू मांडावी लागली. शास्त्रग्रंथांतली वचने गोळा करून त्यांनी ती मांडली. आणि लोकांच्या कटकटीपासून दूर म्हणून पश्चिम घाटात, तुंगा नदीच्या उगमाजवळ, गंगामूळच्या रानात घर बांधून ते राहू लागले. त्या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमा सहा महिन्यांची झाली असेल नसेल तोच कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तिला वेताच्या पेटीत घालून डोक्यावरून नेले, असे तिच्या आठवणींवरून कळते. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षे या घराला एक ठिकाण असे राहिलेच नाही. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसून पुराणे सांगायची, मिळेल त्या दक्षिणेवर राहायचे, पुन्हा पुढे चालायचे. शाळा अशी नव्हतीच. रमा आठ वर्षांची झाल्यावर आईने तिला शिकवायला घेतले. वडील एव्हाना थकले होते. दिवसभर घरच्या कामात असलेल्या लक्ष्मीबाईंना वेळ सापडे तो पहाटेचा. अर्धवट झोपेतल्या मुलीला कुरवाळून उठवायचे आणि उजाडेपर्यंत धडे म्हणून घ्यायचे. पाटी नाही, पुस्तक नाही. आईच्या तोंडून ऐकायचे आणि पाठ करायचे. अशा रीतीने हजारो श्लोक, व्याकरण, कोश त्या मुलीच्या मुखात बसले.

इथे मी पहिल्यांदा थांबलो. मातृभाषेप्रमाणे संस्कृत बोलणारी ही मुलगी निसर्गाने वेगळी घडविली होती का? बुद्धी उपजत होती, यात शंका नाही. पण लक्ष्मीबाईंच्या पिढीत तशा उपजत बुद्धीच्या मुली काय कमी असतील? त्यांच्या वाट्याला पहाटे जात्यावर बसणे आले. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला शिकविणारा नवरा आला आणि रमाबाईंच्या वाट्याला शिकलेली आई.

याच घरात आणखी एक गोष्ट घडली आणि माझ्या मते ती सर्वांत बोलकी आहे. रमाबाईंना कृष्णाबाई नावाची थोरली बहीण आणि श्रीनिवास नावाचा थोरला भाऊ होता. कृष्णाबाईंचे लग्न चालीप्रमाणे लहानपणीच लावून देण्यात आले. जावयाने आपल्या घरी राहून शिकावे, अशी अनंतशास्त्र्यांची योजना होती. पण मुलगा शिकला नाही, निघून गेला, आणि कृष्णाबाईंचे वैवाहिक आयुष्य मातीमोल झाले. त्या अनुभवाने पोळलेल्या बापाने धाकटीचे लग्न लहानपणी करायचे नाही असे ठरविले. जातभाईंचा रोष पत्करून ते या निश्चयाला चिकटून राहिले.

मित्रहो, दोघी एकाच आईच्या पोटच्या. घर तेच, बाप तोच, त्याची मतेही तीच. जीवशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर दोन सख्ख्या बहिणींइतके सारखेपण आणखी कुठे मिळणार? तरी एकीचे आयुष्य लहानपणीच लागलेल्या गाठीने बांधून टाकले आणि दुसरी मोकळी राहिली. संस्कार म्हटला की आपण धडे, गोष्टी, ओरडा, शाबासकी एवढेच डोळ्यांपुढे आणतो. मुलीला वाढायला किती वर्षे दिली, हाही संस्कारच, किंबहुना पहिला संस्कार.

१८७४च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. कथापुराणावर जगणाऱ्या या कुटुंबाला मजुरी ठाऊक नव्हती, भीक मागवत नव्हती. जवळचे होते नव्हते ते विकून संपले. रानातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, काही दिवसांनी आई गेली, मग कृष्णाबाई गेल्या. आईच्या मृत्यूच्या वेळचा प्रसंग मला विसरता येत नाही. प्रेत उचलायला माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा खांदा श्रीनिवासाचा, चौथा कुणाचा? सोळा वर्षांची रमा पुढे झाली. स्मशान तीन मैलांवर. ती इतरांहून ठेंगणी. खांद्यावर तिरडी पेलेना, म्हणून तिने आपली बाजू डोक्यावर घेतली आणि ते अंतर चालून गेली.

आपल्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. त्यांचे मन कोमल असते, त्यांना ते सोसवत नाही, असे कारण आपण सांगतो. मीही स्पर्धेत ते सांगितले होते. या मुलीपुढे निसर्गाने ठेवलेली अडचण एकच होती, उंचीची. तिच्यावर तिने उपाय काढला. मन कोमल नव्हते असे कोण म्हणेल? कोमल मनानेच ती आईला घेऊन गेली.

त्यानंतर भाऊ-बहीण पायी देश हिंडत राहिले आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचले. वीस वर्षांची अविवाहित मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते, विद्वानांच्या प्रश्नांना उत्तरे देते, हे पाहून ते शहर थक्क झाले. तेथील पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी वेदांची प्रत देऊन वाचायला सांगितले. ज्या बापाने उडुपीच्या सभेत स्त्रीच्या संस्कृत शिक्षणासाठी भांडण केले होते, त्यानेही वेदांचे दार मुलीला उघडले नव्हते. तेही आता उघडले.

१८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो शूद्र मानल्या गेलेल्या जातीचा, वेगळ्या भाषेचा. वर स्वतः निवडलेला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेला. तेवीस वर्षांची विधवा, दहा महिन्यांची मुलगी, आणि माहेर-सासर दोन्ही नाही.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. तेथे आर्य महिला समाज स्थापन झाला. सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि मुलींसाठी स्त्री शिक्षिका हव्यात, बायकांना औषधोपचारासाठी स्त्री डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. त्याच वर्षी त्यांचे स्त्रीधर्मनीति हे पुस्तकही निघाले. आपल्या विदर्भाच्या वाचकाने येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १८८२ मध्येच पुण्यात दुसऱ्या एका स्त्रीचे पुस्तक छापले गेले : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे स्त्रीपुरुषतुलना. ताराबाईंनाही वडिलांनी, बापूजी हरी शिंदे यांनी, घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकविले होते. दोन मुली, दोन टोकांचे मुलूख, जाती वेगळ्या. पण दोघींच्या घरी मुलीला शिकविणारा बाप. हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

या दोन पुस्तकांचा सूर मात्र एक नाही. ताराबाई थेट पुरुषांना जाब विचारतात : जे दोष स्त्रीच्या स्वभावाला चिकटवता ते तुमच्यात नाहीत का? रमाबाईंचा सूर तेव्हा सौम्य, उपदेशाचा होता. स्त्रियांनी आळस आणि अज्ञान सोडावे, स्वतःला सुधारावे, असे त्या बायकांनाच सांगत होत्या. पाच वर्षांनी त्यांचे मत कुठे जाऊन पोचले ते पुढे येईलच. कारण मधल्या काळात त्यांनी दोन खंड पाहिले.

स्त्रीधर्मनीतीच्या विक्रीच्या पैशातून रमाबाई १८८३ मध्ये मुलीसह इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचे, हा हेतू. तो पुरा झाला नाही. का? बाईमाणसाला वैद्यक झेपत नाही म्हणून नव्हे. रमाबाईंना ऐकू कमी येऊ लागले होते आणि बहिरेपणामुळे तो अभ्यास अशक्य झाला. शरीराने आयुष्याला घातलेली मर्यादा ही अशी असते. ती रमाबाईंच्या कानांत होती, त्यांच्या स्त्रीपणात नव्हती.

वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहत असताना सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. कालपर्यंत कौतुक करणारे पाठ फिरवून बसले. त्या वादात मी शिरत नाही. पण एक गोष्ट नोंदवितो. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई संस्कृत शिकवीत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. तरुण स्त्रीने पुरुषांना शिकविणे बरे दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितसभेत आणि देशभरच्या घाटांवर पुरुषांपुढे प्रवचने केली होती, तिला हे ऐकावे लागले. रमाबाईंनी त्यांना खडसावून उत्तर दिले. स्त्रीचा स्वभाव काय असावा हे ठरवून ठेवण्याची खोड फक्त आपल्या शास्त्र्यांचीच नव्हती, एवढे यावरून दिसते.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते नात्यातल्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यक महाविद्यालयात आनंदीबाईंना पदवी मिळाली. थोड्या महिन्यांसाठी गेलेल्या रमाबाई तेथे सुमारे तीन वर्षे राहिल्या, आणि तिथे त्या शिकल्या काय? लहान मुलांना शिकविणे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची बालोद्यानाची पद्धत त्यांनी अभ्यासली. मुलाने हात चालवीत, खेळत, गात शिकावे. मूल म्हणजे झाडासारखे, त्याला माती आणि पाणी हवे, असा त्या पद्धतीचा आशय. पहाटे आईच्या मांडीवर शिकलेल्या बाईंना ती पटली यात नवल नाही.

१८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यात एक प्रकरण बालपणावर आहे. मुलगी घरात येण्याच्या आधीपासून तिच्याविषयीची नाराजी कशी तयार असते, मुलाच्या जन्माचा सोहळा आणि मुलीच्या जन्माची खिन्नता, नुसत्या मुलीच होणाऱ्या बायकोच्या डोक्यावर टांगलेली सवतीची भीती, मुलींच्या हत्या, खानेसुमारीत दिसणारी मुलींची तूट, हे सारे त्यांनी तेथे मांडले. स्त्रीधर्मनीतीत बायकांना दोष देणाऱ्या रमाबाई आता त्या दोषांच्या मुळाशी गेल्या होत्या. आपण नको होतो, हे ज्या मुलीला बोलायला येण्याआधी कळते, ती पुढे भित्री, दबलेली निघाली तर तो तिचा स्वभाव कसा म्हणायचा?

हे प्रकरण वाचताना मला आमच्या घरचे बारसे आठवले. दादाला मुलगी झाली तेव्हा बुटीबोरीच्या मिठाईच्या दुकानात मीच गेलो होतो. दुकानदाराने पेढे की बर्फी असे विचारले आणि मी सहज बर्फी म्हणालो. मुलगा झाला की पेढा आणि मुलगी झाली की बर्फी, ही आपली रीत. बर्फी काही कडू नसते. पण पुतणीचे नावही ठरले नव्हते तेव्हा तिच्या वाट्याची मिठाई ठरलेली होती. सातारा जिल्ह्यात तर कित्येक मुलींची नावेच नकोशी अशी ठेवलेली होती. २०११ मध्ये तेथील जिल्हा परिषदेने अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली. त्याच वर्षीच्या जनगणनेत देशात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे मुली होत्या ९१८. रमाबाईंनी दाखविलेली तूट सव्वाशे वर्षांनीही भरून आली नव्हती.

आता निसर्गाची बाजू. ती मी सोडून दिली असे कोणी समजू नये. रमाबाईंच्या हयातीतच, १९०५ मध्ये, नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन विदुषीने एका किड्याचा अभ्यास करून नर-मादी हा भेद गुणसूत्रांवर ठरतो हे दाखविले. माणसात वाय गुणसूत्र येते ते बापाकडून; म्हणजे मुलगी झाली म्हणून बायकोवर सवत आणणाऱ्याने दोष शोधायचाच तर स्वतःत शोधावा. गर्भाला पुरुषाच्या वळणावर नेणारे त्या गुणसूत्रावरचे जनुक १९९० मध्ये सापडले. पुढे संप्रेरकांचे काम सुरू होते आणि त्याचा परिणाम शरीरापुरता राहत नाही. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींच्या एका जन्मजात विकारात मुलीच्या गर्भाला पुरुषी संप्रेरके जास्त मिळतात. अशा मुली मुलग्यांचे मानलेले खेळ सरासरीने अधिक खेळतात, पण त्यांतल्या बहुतेक स्वतःला मुलगीच मानतात. कॅनडातल्या डेव्हिड रायमरची हकीकत तर फार करुण आहे. तान्हेपणी झालेल्या शस्त्रक्रियेतील अपघातानंतर त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने मुलगी म्हणून वाढविले गेले. संस्काराने वाटेल ते घडविता येते असा त्या काळी दावा होता. त्या मुलाला ते कधीच मानवले नाही. चौदाव्या-पंधराव्या वर्षी खरे कळल्यावर तो मुलगा म्हणून जगू लागला. २००४ मध्ये त्याने जीवन संपविले. मूल स्वतःला आतून काय समजते, यावर आईबापांचा आणि डॉक्टरांचा पूर्ण ताबा नसतो.

म्हणजे निसर्ग आहेच. पण मूल दोन-तीन वर्षांचे होते तोच आपण मुलगा की मुलगी हे सांगू लागते, आणि त्याच वेळी आजूबाजूचे पाहून कोणते काम, कोणते खेळणे, कोणते रडणे आपले हेही शिकू लागते. गल्लीतल्या ज्या मुलांचे उदाहरण मी दिले त्यांच्या हाती ट्रॅक्टर आणि भातुकली आणून देणारे कोण होते, हे मी परीक्षकांना सांगितलेच नाही. आतला कल थोडा असेल, त्यावर बाहेरचा हात फिरतो. मातीचा गुण आणि कुंभाराचा हात मडक्यातून वेगळे काढून दाखविता येत नाहीत.

माझा एक मित्र यावर म्हणाला की रमाबाई अपवाद होत्या. असामान्य बुद्धीच्या एका बाईवरून नियम काढता येत नाही. आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर रमाबाईंच्या उत्तरायुष्यात आहे.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची बालविधवा होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई, पुढे सर्वांची बाया कर्वे झाली. त्याच वर्षी सदनात धर्मांतर घडविले जाते अशी टीका उसळून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात फिरल्या. आपले नागपूर त्या प्रांताची राजधानी होते. उपासमारीने मरायला टेकलेल्या, कुणीही फसवून न्यावे अशा मुली आणि बायका त्यांनी गोळा केल्या आणि दौंडजवळ केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर नेल्या. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातूनही अशाच मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. स्वतः दुष्काळात आईबाप आणि बहीण गमावलेल्या बाईने हे करावे, याचे आश्चर्य नाही. पण तिने ते किती मोठ्या प्रमाणावर केले याचे आहे.

या मुली कोणी शास्त्र्यांच्या नव्हत्या. वेगवेगळ्या जातींच्या, बहुतेक निरक्षर, कित्येकींना स्वतःचे वय माहीत नाही. मुक्तीत त्यांनी शेती केली, गाई राखल्या, तेलाचा घाणा चालविला, माग चालविले. अंध मुली ब्रेलमधून वाचायला शिकल्या. छापखाना तर पुरताच मुलींच्या हाती : खिळे जुळवायचे त्यांनी, यंत्र फिरवायचे त्यांनी, बांधणी करायची त्यांनी. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेला बायबलचा अनुवाद याच हातांनी छापला. छापखाना हे पुरुषाचे काम असे तेव्हा सारेच समजत. या मुलींना तसे कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्या ते करून मोकळ्या झाल्या. माझ्या मित्राच्या आक्षेपाला रमाबाईंची विद्वत्ता उत्तर देऊ शकत नव्हती. या नाव नसलेल्या मुली देतात.

मुक्तीची शिस्त कडक होती, दिवस प्रार्थनेने भरलेला होता, आणि धर्म रमाबाईंनी निवडलेला होता. दुसऱ्याच्या घडणीवर त्यांचाही हात जड पडला, असे म्हणणारे तेव्हा होते, आजही आहेत. मलाही तसे थोडे वाटते. घडविणाऱ्याने आपला साचा पाहून घ्यावा, हे सुधारकालाही लागू आहे.

मनोरमा आईच्या कामात उजवा हात झाली. ती शिकली, मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली, शारदा सदनची शाळा तिने सांभाळली. आजी लक्ष्मीबाई नवऱ्याकडून शिकली, आई रमाबाई आईकडून शिकली, नात विद्यापीठात शिकली. तीन पिढ्यांत रक्त फार बदलत नाही. दार मात्र किती उघडले! जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. अनुवादाचे काम उरकून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. बहुतेक आयुष्य त्यांनी एकटीने काढले, पण शेवटी त्यांच्या भोवती सारे मुलींचे गाव होते.

ती ढाल अजून आमच्या कपाटावर आहे. परत करण्याचा विचार मनात आला. पण भाषण वाईट नव्हते, अर्धे होते. उरलेले अर्धे ताईने स्वयंपाकघराच्या दारात सांगितले होते. यंदा तिने मुक्त विद्यापीठाचा अर्ज भरला आहे, आणि संध्याकाळी ती अभ्यासाला बसली की पोळ्या मी करतो. त्या अजून गोल होत नाहीत. दोष निसर्गाचा नाही, सरावाचा आहे, असे ती म्हणते.

पुतणीला पहिले वर्ष लागते आहे. वाढदिवसाला पेढे आणायचे की बर्फी, हे मी तिच्या आईला विचारणार होतो. आता ठरविले आहे की दोन्ही आणीन आणि एक लहानशी पाटीही. ती पाटी तिने हातात धरली की चावून पाहिली, ते तिचे ती ठरवील. तिच्यापुढे ती ठेवणे एवढे काम आमचे.